बोन्साय बघायचं ते मुळांपासून वर

आपल्या सोलापुरातल्याच एका ताईंचा प्रश्न आहे, आधी तो थोडक्यात सांगते. मागच्या महिन्यात त्या लेकीला घेऊन बोन्सायचं प्रदर्शन बघायला गेल्या होत्या. शंभरावर झाडं मांडली होती. पहिली दहा-बारा हौसेनं बघितली, पुढं सगळी सारखीच वाटायला लागली. पाट्यांवर मोयोगी, केंगाई, बुंजिन असले शब्द होते, त्यांचा अर्थ कुणी सांगितला नाही. पहिलं बक्षीस मिळालेलं झाड तर अर्धं वाळलेलं. लेकीनं विचारलं, "आई, मेलेल्या झाडाला बक्षीस का दिलंय?" आणि ताईंना उत्तर देता आलं नाही. शिवाय त्यांच्या मनात आहे की एवढ्याशा कुंडीत झाड कोंडणं बरं आहे का.

ताई, मी ३१ वर्षं गच्चीवर ही झाडं सांभाळते आहे. तुमच्या लेकीचा प्रश्न खरंच फार चांगला आहे, त्याच्याकडे येतेच. पण झाडं सारखी का वाटली, ते आधी सांगते. तुम्ही उभ्यानं, वरून आणि पानांकडून बघितलंत. वरून बघितलं की प्रत्येक झाड म्हणजे एक हिरवा झुबका दिसतो. बोन्सायपुढं वाकायचं, जमलं तर चक्क उकिडवं बसायचं. आपली नजर झाडाच्या साधारण मध्यावर आली पाहिजे. तेवढं केलं की एक-दीड फुटाचं झाड एकदम मोठं होतं, आपण त्याच्या सावलीत उभे आहोत असं वाटायला लागतं. मग नजर सगळ्यात खाली न्यायची, मातीशी, आणि तिथून सावकाश वर चढायचं.

मातीशी काय बघायचं? मुळं. खोड जमिनीत शिरतं तिथं मुळं चहूबाजूंना पसरून जमीन धरून बसलेली दिसली पाहिजेत. जपानी लोक याला नेबारी म्हणतात. गावातल्या जुन्या चिंचेखाली आपण जिथं बसतो ना, ती बुंध्याची पसरलेली घडी, तीच ही. कुंडीतल्या झाडाची अशी मुळं आपोआप होत नाहीत. दर दोन-तीन वर्षांनी झाड बाहेर काढून खाली सरळ जाणारी जाड मुळं कापायची, आडवी जाणारी पसरून ठेवायची, असं दहा-पंधरा वर्षं केल्यावर ती दिसायला लागतात. म्हणून जाणकार माणूस आधी तिथं बघतो. प्रदर्शनात बुंध्याभोवती हिरवंगार शेवाळ लावलेलं असतं, दिसायला छान असतं, पण कधी कधी त्याच्याखाली मुळांची उणीव झाकलेली असते. एकाच बाजूला मुळं असतील किंवा खोड खांबासारखं सरळ मातीत गेलं असेल, तर वरचा पाला कितीही देखणा असो, ते झाड अजून कोवळं आहे.

मुळांवरून खोडावर या. खाली जाड आणि वर जाता जाता निमुळतं, हा उतार सलग असायला हवा. हा उतार आणायला खोड पुन्हापुन्हा छाटून बाजूच्या फांदीला शेंडा करावं लागतं. प्रत्येक छाटणीचा घाव भरायला वर्षं जातात. हे घाव बघा. जुन्या, नीट सांभाळलेल्या झाडावर ते सालीत मिटून गेलेले असतात. घाईनं केलेल्या झाडावर गोल टक्कल तसंच राहतं. तारेचे वळही बघा. फांदीला वळण द्यायला अॅल्युमिनियमची तार गुंडाळतात. आपल्याकडे पावसाळ्यात वड, नांद्रुक इतके भराभर फुगतात की तार पाच-सहा आठवड्यांतच सालीत रुतायला लागते. ती वेळेवर सोडली नाही तर कायमचा काच पडतो. माझ्या पहिल्या नांद्रुकाच्या डाव्या फांदीवर तो आहे. आईच्या आजारपणात दीड महिना गच्चीवर जाणं झालं नव्हतं. सव्वीस वर्षं झाली, अजून बोटाला लागतो.

माझ्या वडिलांचा चादरीचा माग होता. दुकानात गिऱ्हाईक चादरीचं नक्षीकाम बघायचं, वडील मात्र दुसऱ्याची चादर हातात आली की आधी उलटून बघायचे. झाडाचंही तसं करा. समोरची बाजू ठरवलेली असते, खोड किंचित आपल्याकडे झुकलेलं असतं, जणू वाकून नमस्कार करतंय. पण परवानगी असेल तर मागं जाऊन बघा. मागच्या फांद्यांमुळेच झाडाला खोली येते. मागं काहीच नसेल तर ते झाडाचं चित्र झालं, झाड नाही.

आता मेलेल्या झाडाला बक्षीस का, ते सांगते. ते झाड मेलेलं नाही. उंच डोंगरावर वीज पडते, बर्फानं फांदी मोडते, खोडाची एक बाजू वाळून पांढरी पडते आणि दुसऱ्या बाजूच्या सालीच्या एका पट्ट्यावर झाड शेकडो वर्षं जगतं. जपानमधल्या जुन्या जुनिपरांवर, म्हणजे सुईसारख्या पानांच्या डोंगराळ झाडांवर, हे असं दिसतं. वाळलेल्या फांदीला जिन म्हणतात, खोडावरच्या उघड्या लाकडाला शारी. कलाकार हे कोरून काढतो किंवा मुळात असेल तर जपतो. बघणाऱ्यानं वाळलेलं लाकूड बघून थांबायचं नसतं. जिवंत सालीचा पट्टा कुठून निघतो, कसा वळतो आणि कोणत्या फांदीला जगवतो, हे बोटानं हवेत गिरवत वर जायचं. तुमच्या लेकीला पुन्हा असं झाड दिसलं तर तिला तो पट्टा शोधायला सांगा. मुलं तो मोठ्यांपेक्षा लवकर शोधतात, हा माझा अनुभव आहे.

हे बघायला जपानला जायची गरजही नाही, कारण आपल्या जिल्ह्यात डाळिंब आहे. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जुन्या डाळिंबाचं खोड किती सुंदर होतं, हे बागाईतदारालाही कुणी सांगत नाही. वय झालं की ते पिळवटतं, एक बाजू आपोआप वाळते, लाकूड इतकं कठीण की लवकर कुजत नाही. जपान्यांनी पिळाचं खोड असलेली डाळिंबाची एक जात बोन्सायसाठी मुद्दाम जपली आहे, तिला ते नेजिकान म्हणतात. आणि आपल्याकडे जुन्या बागा काढल्या की ही खोडं बांधावर पेटवतात.

२०११ साली सांगोल्याकडच्या एका ओळखीच्या शेतकरीदादांनी बाग काढली, तेव्हा मी पाच खोडं आणली. तीन जगली. त्यातल्या एकाचं अर्धं खोड वाळलेलं होतं, ते मी ब्रशनं साफ करून त्याला चुना-गंधकाचं द्रावण लावत आले. बागाईतदारांच्या औषध दुकानात ते मिळतं. त्यानं लाकूड टिकतं आणि रंग हाडासारखा पांढरा होतो. त्याच्या शेजारी जिवंत साल तपकिरी दिसते, वर तांबडी फुलं येतात. पण एक सावधगिरी सांगते. मर रोगानं गेलेल्या बागेतलं खोड आणू नका. कापल्यावर आत काळपट-तपकिरी डाग दिसला तर ते तिथंच सोडायचं. आणि बागेत बहार धरायला महिना-दीड महिना पाणी तोडून ताण देतात, तसा ताण बोन्सायच्या उथळ ट्रेमधल्या झाडाला दिला तर बहार राहील बाजूला, झाडच जाईल. फळाचंही एक आहे. कुंडीत पानं लहान होतात, फूल आणि फळ मात्र होत नाहीत. दीड फुटाच्या झाडाला भगवा जातीचं डाळिंब लागलं तर ते झाडालाच जड दिसतं. मी फुलं ठेवते आणि फळ लहान असतानाच काढते. ज्यांना फळासकट हवंय त्यांनी नाना नावाची ठेंगणी जात लावावी, तिची फळंही लहान असतात.

पाट्यांवरच्या शब्दांकडे येते. शैली म्हणजे झाडाला घातलेला आकार, असं समजलं की ती नावं नुसती पाठ करायची राहतात. झाड कुठं उगवलं आणि त्याच्यावर काय काय गुदरलं, याचं उत्तर म्हणजे शैली, असं मी शिकवते. म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी आधी गावाबाहेर पाठवते.

हिपरग्याच्या तलावाकाठी उजेडाच्या ओढीनं पाण्यावर कललेली बाभळ बघा. ते शाकान, कललेलं झाड. त्याची पकड कलाच्या विरुद्ध बाजूच्या मुळांत असते. कुंडीतही त्या बाजूला भक्कम मूळ दिसलं पाहिजे, नाहीतर ते झाड पडतंय असं वाटतं. जुन्या दगडी विहिरीच्या आतल्या बाजूला उगवलेला उंबर बघा, जन्मला तेव्हापासून खाली झुकलेला आणि टोकाशी पुन्हा उजेडाकडे वळलेला. ते केंगाई. शेंडा कुंडीच्या तळाच्याही खाली गेला तर केंगाई, काठाच्या खाली पण तळाच्या वर राहिला तर हान-केंगाई, म्हणून त्याला उंच कुंडी लागते. नान्नजच्या माळरानावर जा, माळढोकांसाठी लोक जातात, तुम्ही झाडांसाठी जा. आषाढातला वारा वर्षानुवर्षं खाल्लेल्या एखाद्या बोरीच्या सगळ्या फांद्या एकाच दिशेला गेलेल्या असतात. ते फुकिनागाशी. ही शैली करणं अवघड आहे. नुसत्या सगळ्या फांद्या एका बाजूला तारेनं ओढल्या की ते विंचरल्यासारखं दिसतं. वाऱ्याशी झगडताना मोडलेली, मागं राहिलेली एखादी वाळकी फांदी दिसली की मग त्यात वारा येतो.

शेळ्यांनी खालचा सगळा पाला खाऊन वर गेलेली, बारीक खोडाची आणि शेंड्यालाच चार फांद्या उरलेली बोर तुम्ही शंभर वेळा बघितली असेल. ती बुंजिनच्या सगळ्यात जवळची. हा शब्द चिनी विद्वान चित्रकारांच्या परंपरेतून आला आहे, शाईच्या चार फटकाऱ्यांत झाड उभं करणारे ते लोक. यात दाखवायला जवळजवळ काही नसतं, म्हणून खोडाच्या रेषेत एकही चूक चालत नाही. नवख्यांना हे झाड गरीब वाटतं, मला प्रदर्शनात सगळ्यात जास्त वेळ इथंच लागतो. जुन्या चिरेबंदी भिंतीवर पिंपळ उगवून त्याची मुळं दगडांना कवटाळत खाली येतात, ते सेकीजोजू. मुळं दगडाला घट्ट चिकटलेली आहेत का बघा, मधे काडी जाईल एवढी फट असेल तर काम घाईचं आहे. सरळसोट चोक्कान आपल्या मुलखात कमी दिसतं, सुरूच्या झाडाला ते शोभतं. खाली सरळ खोड आणि वर खराट्यासारखा पसारा, ते होकिदाची, चिंचेला छान जमतं. तुम्ही बघितलेल्या बहुतेक पाट्यांवर मोयोगी असणार. वळणं घेत वर जाणारं खोड, फांद्या वळणाच्या बाहेरच्या अंगानं निघालेल्या आणि शेंडा पुन्हा साधारण बुंध्याच्या वर आलेला. सोपं दिसतं म्हणून सगळे करतात, आणि म्हणूनच त्यात इंग्रजी एस अक्षरासारखी एकसारखी वळणं फार दिसतात. खऱ्या झाडाची वळणं वर जाताना जवळजवळ येतात.

अनेक झाडांचं रान करतात, त्याला योसे-उए म्हणतात. त्यात खोडं मोजत बसू नका, खोडांमधल्या वाटा बघा. यातलं जगातलं फार प्रसिद्ध काम म्हणजे अमेरिकेतले जॉन नाका यांचं 'गोशिन', ११ जुनिपरांचं रान. त्यांनी ते १९८४ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयाला दिलं. त्याची छायाचित्रं सहज मिळतात, लेकीला दाखवा.

आता माझं एक ठाम मत. या शैली चीन-जपानच्या हवेत, तिथल्या पाइन-जुनिपरांवर तयार झाल्या. चीनमध्ये थाळीत निसर्ग मांडायची कला तर फार जुनी, इसवी सन ७०६ मधल्या एका राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात असं तबक हातात घेतलेली माणसं आहेत. त्या परंपरेपुढं मी हात जोडते. पण आपल्या वडाला पाइनसारख्या ढगांच्या गाद्या काढून, पारंब्या कापून, टोकदार शेंडा करून उभं केलेलं बघितलं की मला वाईट वाटतं. वड आडवा पसरतो. त्याचा माथा घुमटासारखा असतो, त्याला पारंब्या असतात. माळावरचा हिवर वरून छत्रीसारखा सपाट असतो, त्याला त्रिकोणी करणं म्हणजे त्याची ओळख पुसणं. झाडानं आपल्या जातीसारखं म्हातारं दिसावं, ही माझी पहिली कसोटी आहे. आणि वड मोठाच करावा. त्याचं पान कितीही छाटणी केली तरी ठरावीक मर्यादेपलीकडे लहान होत नाही, त्यामुळं वीतभर वडाला हातभर पानं असल्यासारखं दिसतं. आपल्या कोरड्या हवेत पारंब्या सुटणंही कठीण. मी पावसाळ्यात त्या सुटल्या की ओलं शेवाळ भरलेल्या पोकळ नळीतून मातीपर्यंत नेते. एक पारंबी टेकायला दोन-तीन पावसाळे लागतात.

कुंडीबद्दल थोडक्यात. ती झाडाच्या आधी डोळ्यात भरली तर चुकली. उंचीच्या साधारण दोन तृतीयांश लांबी आणि बुंध्याच्या जाडीइतकी खोली, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. फुलाफळांच्या झाडाला चकचकीत रंगाची चालते, जुन्या दणकट झाडाला मातकट, बिनचकाकीची. फांद्यांमधली मोकळी जागाही मुद्दाम ठेवलेली असते, पाखराला आरपार उडता यावं इतकी.

पाटीवरच्या वयावर फार जाऊ नका. विकत घ्यायचं असेल तर मुळीच नको. मला एका विक्रेत्यानं सुरुवातीच्या काळात 'पंचवीस वर्षांचं' म्हणून रताळ्यासारख्या फुगीर मुळांचा फायकस (वडाच्या जातकुळीतलं झाड) विकला होता, वर दुसऱ्या जातीच्या फांद्यांचं कलम. ते झाड अजून आहे, पण त्याच्या खोडात कधी उतार आला नाही. त्या पैशात नर्सरीतलं अंगठ्याएवढ्या खोडाचं नांद्रुक घ्या. त्याला आपला ऊन्हाळा सोसतो. एप्रिल-मे मध्ये मात्र गच्चीवर निम्मी सावली देणारी जाळी आणि दोन्ही वेळ पाणी हवंच, उथळ ट्रेची माती चाळिशीच्या वर गेलेल्या दुपारी तापून मुळं शिजतात. बोअरचं पाणी असेल तर खोडावर आणि कुंडीवर पांढरा थर बसतो, तो ब्रशनं काढत राहा आणि पावसाचं पाणी साठवता आलं तर ते झाडांसाठी ठेवा.

आणि शेवटी तुमचा तो कोंडण्याचा प्रश्न. मला तो कुणी विचारला की राग येत नाही, विचारायलाच हवा. झाडाला उपाशी ठेवून लहान करतात हा समज चुकीचा आहे. उपाशी झाड मरतं. मुळं छाटली की नवी बारीक मुळं फुटतात, आणि खाणं-पिणं तीच करतात. त्याला खत, पाणी, ऊन सगळं वेळेवर लागतं. हे जो करू शकत नाही त्यानं बोन्साय ठेवू नये, दिवाणखान्याच्या कोपऱ्यात शोभेला तर नकोच, कारण ती उन्हातली झाडं आहेत. सांभाळलं तर किती जगतं? त्याच वॉशिंग्टनच्या संग्रहालयात एक पांढरा पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेला. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो तिथून सुमारे तीन किलोमीटरवर, यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत एका भिंतीच्या आडोशाला होता. १९७६ मध्ये त्या कुटुंबानं तो अमेरिकेलाच भेट दिला, आणि त्यानं काय सोसलंय हे तिथल्या लोकांना २००१ मध्ये नातवंडं भेटायला आली तेव्हा कळलं. चार शतकं एवढ्या माणसांनी एका झाडाला रोज पाणी घातलं.

माझ्या गच्चीवर एक वड आहे. रस्ता रुंद करताना एक मोठा वड पाडला, तेव्हा त्याची मनगटाएवढी फांदी मागून आणली आणि लावली. जूनमध्ये वडाची फांदी सहज जगते. त्याला आता उण्यापुऱ्या अठरा वर्षांत चार पारंब्या टेकल्या आहेत. गल्लीतल्या बायका वटपौर्णिमेला बाजारात तोडून आणलेल्या फांद्या घेत होत्या, हल्ली त्या गच्चीवर येतात. गेल्या ज्येष्ठात सात जणींनी त्याला सूत गुंडाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी घालताना मी ते सगळं हलक्या हातानं सोडवून घेतलं. पावसाळ्याच्या तोंडावर खोड फुगायला लागतं, आणि सुताचाही काच पडतो.